सूर धरणारा

मास्तर, तुम्हाला जाऊन चौदा-पंधरा वर्षं झाली. परवा माझ्या सत्काराच्या कार्यक्रमात निवेदकाने माझे गुरू म्हणून तुमचं नाव घेतलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला हसू आलं. त्यांच्यातल्या एकानेही तुम्हाला ऐकलेलं नव्हतं. ऐकलं असतं तर हात मांडीवरच राहिले असते. तीन राग, डझनभर सिनेमाची गाणी आणि मंगलाष्टकं संपली की वाजवायची एक ठरलेली धून, एवढ्या भांडवलावर तुम्ही खोपोलीपासून कर्जतपर्यंतची लग्नं वाजवलीत आणि वर स्वतःला कलावंत म्हणवून घेतलंत.

बाजारातल्या तुमच्या शिंपीकामाच्या दुकानात मी पहिल्यांदा आलो तेव्हा साजगावच्या कारखान्यातली पाळी संपवून सरळ आलो होतो. एकोणीस वर्षांचा होतो. तुम्ही मशीन न थांबवता मला वरून खालपर्यंत बघितलंत आणि म्हणालात, गाल फुगवून दाखव. तुम्हाला शिष्य नकोच होता, सूर धरणारा हवा होता. सनईच्या जोडीत पुढचा वाजवतो आणि मागचा एकच सूर धरून बसतो. नाकाने श्वास घ्यायचा, गालातली हवा फुंकत राहायची, सूर क्षणभरही तुटू द्यायचा नाही. तुमचा आधीचा सूर धरणारा पळून गेला होता. का पळाला ते मला महिन्याभरात कळलं.

शिकवणी तुमच्या स्वयंपाकघरात चालायची. काकू चुलीपाशी भाकऱ्या थापत असायच्या, मी पाटावर बसून सूर धरायचो, आणि रागाची वेळ आली की तुम्ही माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड फिरवायचात. बोटं दिसू नयेत म्हणून! तुमच्या त्या फाटक्या तुटक्या मालाला कोण चोर लागणार होता? मी सगळं कानानेच उचललं, वर्षभरात उचललं, आणि पुढची चार वर्षं तुमच्या खांद्यामागे बसून तेच तेच ऐकत राहिलो. तुमच्या कुठल्या ताना घसरणार आहेत हे मला तुमच्या आधी कळायचं. एकदा धीर करून विचारलं, मास्तर, मला पुढं कवा घेणार? तुम्ही सुईत दोरा ओवत होतात. "पुढं एकच माणूस असतो," म्हणालात. "तो मी हाय."

आता माझ्या घरचं सांगतो, कारण तुम्ही कधी विचारलं नाहीत. आमचं घर पोशीरचं. बाबा खालूबाज्यात सनई वाजवायचे, गावच्या पालखीपुढे, अनवाणी. छप्पन्न सालानंतर धम्म घेतला तेव्हा त्यांनी ते वाजवणं सोडलं आणि सनई माळ्यावर टाकली. मी शिकायला निघालो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कुनाच्या पायरीशी उभं राहून वाजवायचं नाय. बसून वाजव, आन् पुढं बसून वाजव." मी पाच वर्षं त्यांना सांगत आलो की मी पुढेच बसतो. तुमच्या क्षुद्रपणामुळे मी बापाशी खोटं बोलत होतो.

मग कर्जतच्या त्या भातगिरणीवाल्याच्या मुलीचं लग्न आलं. आपण वाजवायला बसलो आहोत, तुम्ही तो बटणं तुटलेला काळा कोट घालून मान डोलवताय, आणि मांडवाच्या कडेला मला बाबा दिसतात. न कळवता आलेत, नवा सदरा घातलाय. ते आधी तुमच्याकडे बघतात, मग तुमच्यामागे गाल फुगवून बसलेल्या माझ्याकडे, आणि नजर खाली घालतात. थोड्याच वेळात तुमचं वाजवणं डगमगलं. तुम्ही सूर शोधत वर गेलात, खाली आलात, पण कुठेच बसेना. वऱ्हाडातलं कुणीतरी हसलं. तुम्ही सनई खाली ठेवलीत. मी तुमचीच धून मागून उचलली आणि शेवटापर्यंत नेली, सूर धरायला कुणी नसताना, एकट्याने. पहिल्यांदा लोकांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. बाबा शेवटपर्यंत थांबले.

दुसऱ्या दिवशी मी शिव्या खायच्या तयारीने तुमच्या घरी आलो. तुम्ही स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसला होतात. "कान गेलं रं माजं," तुम्ही म्हणालात. "सूर हिथंच हाय आन् मला गवसंना." काकू भाकरी उलटायची विसरल्या होत्या. अस्तराच्या कापडात गुंडाळलेली तुमची सनई तुम्ही माझ्या हातात ठेवलीत आणि आता तू पुढं बस म्हणालात. मी ती घेतली. पाया पडलो नाही.

पुढचं तुम्हाला ऐकून माहीत असेल. कारखाना सोडला, मुंबईत दुसऱ्या गुरूकडे खरं शिकलो, रेडिओवर वाजवलं, मग नुसत्या माझ्या वाजवण्याला लोक तिकीट काढून येऊ लागले. मुलाखतीत कुणी तुमच्याबद्दल विचारलं की मी हसत सांगायचो, एका लग्नात चुकले आणि घाबरून सनई सोडून बसले, असला कलावंत! लोकही हसायचे. तुम्ही गेल्यावर भेटायला आलो तेव्हा काकूंनी सांगितलं की रस्त्यावरून वरात जायला लागली की तुम्ही दुकानाची फळी लावून घ्यायचात आणि वाजंत्री लांब जाईपर्यंत उघडायचा नाहीत. सात वर्षं. तेव्हाही मी मनात म्हटलं, भित्रा माणूस.

आता लिहितोच. त्या दिवशी बाबांनी नजर खाली घातली आणि मी ओठ आवळले. सनईच्या पत्तीवर ओठ आवळले की सूर किंचित चढतो. तुम्ही त्याच्या मागोमाग वर आलात, तेव्हा मी ओठ सैल सोडले. असं चार वेळा केलं, आणि चारही वेळा मी सूर नेला तिथे तुम्ही आलात. कान गेलेल्या माणसाला ते जमलं नसतं. मला माझ्या अर्ध्या शिष्यांकडून आज ते होत नाही. तुमचे कान शाबूत होते, मास्तर.

हे पत्र मी टाकणार नाही. तुमच्या घरात आता काकू एकट्या राहतात, आणि त्यांना वाचता येतं.