आपल्याकडे नंबर लागला नाही

डुलुथ, मिनेसोटा
१४ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

नमस्कार. गुडघा काय म्हणतोय, झोप लागते का, हे सगळं मी डेल्फिनाताईलाच विचारते, कारण तुम्ही फोनवर येत नाही. "बाबा अंगणात आहेत," म्हणते ती. जुलैपासून तुम्ही अंगणातच आहात. एव्हाना तिथे दुसरं घर उभं राहिलं असतं! म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. पत्र काय, अंगणातसुद्धा वाचता येतं.

मी बरी आहे. इथे आत्ताच बर्फ पडायला लागलाय. जेवणाचं विचारूच नका, इथल्या लोकांना मिरपूड दिसली तरी घाम फुटतो. ताईनं पाठवलेली लाल मिरची मी पुरवून पुरवून वापरते. हॉस्पिटलात फार्मासिस्ट म्हणून रेसिडेन्सीचं, म्हणजे शिकाऊ वर्षाचं, काम भरपूर आहे. सकाळी डॉक्टरांबरोबर वॉर्डात फिरायचं, कुणाला औषध जास्त होतंय, कुणाच्या किडनीला झेपत नाही, ते सांगायचं. गोळ्या त्याच असल्या तरी राज्य बदललं की औषधांचा कायदा बदलतो, त्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागते. तीही झाले पास.

आता मुद्द्याचं. खरं तर अजून हवापाण्याबद्दल चार ओळी लिहिणार होते, पण पुरे.

ताई म्हणाली, तुम्ही शनिवारी हॉस्पिटलच्या बॉयलरखान्यातल्या तुमच्या जुन्या मंडळींबरोबर कॉफीला जायचं बंद केलंत. सेफेरिनोकाकांनी थट्टेत विचारलं म्हणे, "काय एलॉय, लेकीला आपलं हॉस्पिटल पसंत नाही पडलं?" आणि तुम्ही भरला कप तसाच ठेवून उठलात. हे ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही. कारण काकांना द्यायचं उत्तर तुमच्याकडे नव्हतंच. ते माझ्याकडे होतं, आणि मी दडवून बसले होते.

मार्चमधली ती सकाळ आठवते? आम्ही पोरांनी आमच्या पसंतीचा क्रम लावायचा, हॉस्पिटलांनी त्यांचा. कुणी कुणाला विचारायचं नाही, आणि मग एके दिवशी सगळ्यांना एकदम ईमेल. तुम्ही रात्रीपासून मक्याचं पोसोले मोठ्या पातेल्यात शिजत ठेवलं होतंत, निम्मी गल्ली जेवायला बोलावली होतीत. मी फोन उघडला तशी पळी हातात घेऊनच तुम्ही आलात. "लागला ना नंबर आपल्याकडे? ज्या हॉस्पिटलला मी जन्मभर ऊब दिली, ते माझ्या पोरीला नाही कसं म्हणेल?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी हसून म्हटलं, "अहो बाबा, मी मिनेसोटाच पहिलं मागितलं होतं. मिळालं की!" कसं सुचलं देव जाणे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही एवढंच म्हणालात, "आमचं हॉस्पिटल लहान पडलं होय?"

खोटं बोलले मी. पहिलं नाव मी आपल्याच हॉस्पिटलचं लावलं होतं. त्यांनी मला घेतलं नाही. मिनेसोटा शेवटचं होतं, कुठंच काही नाही झालं तर असावं म्हणून लावलेलं.

लिहिलं एकदाचं.

वाटलं होतं, तुम्ही माझ्यावर रागवाल, चार दिवस अबोला धराल, मग विसराल. ते मला सोसलं असतं. पण त्या इमारतीवरून जाताना तुम्ही अजून अभिमानानं बोट दाखवता, "ते आपलं," म्हणता. त्या आपल्यांनीच तुमच्या पोरीला नको म्हटलं, हे मला तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. मोठी शहाणी मी! तुमचा मान राखायला गेले आणि तुमचे मित्र तोडून बसले.

आणि तुमचा राग काही चार दिवसांचा निघाला नाही. निघताना मी कपाळ पुढे केलं, तुम्ही क्रूस काढाल म्हणून. तुम्ही "उशीर होतोय" म्हणालात आणि बॅगा उचलून गाडीकडे गेलात. आपल्याकडे कुणी साधं बाजाराला निघालं तरी आशीर्वाद देतात, बाबा. मी विमानात इतकी रडले की शेजारच्या बाईनं मला तिचा स्वेटर पांघरला.

येत्या शनिवारी जा कॉफीला. काकांना सरळ सांगा, "पोरीनं मागितलं होतं, त्यांनी दिलं नाही." त्यांच्यावरही चिडू नका. दुसरं कुणी जास्त चांगलं असेल.

एक राहिलं. हे लिहावं की नाही कळत नाही, कारण तुम्ही लगेच स्वतःला दोष द्याल. मुलाखतीत त्यांनी विचारलं, "आमचंच हॉस्पिटल का?" तिथे मी काय शिकले, पुढे काय करणार, ते सांगायचं असतं. मी तुमचं सांगत बसले. त्या वादळात बॉयलर बंद पडला, वर काचेच्या पेट्यांत दिवस न भरलेली बाळं होती, आणि तो सुरू होईपर्यंत तुम्ही तळघरातून हलला नाहीत, ते. माझी वेळ त्यातच संपली. माझं स्वतःचं काही सांगायचं राहूनच गेलं.

पुन्हा विचारलं, तर पुन्हा हेच सांगेन.

तुम्हाला सोडून न गेलेली,
रमोना