दोन पानं एकदम

प्रिय भगीरथ,

तुझा पत्ता दिपालीनं दिला. आईच्या मातीला ती सासरहून, कसाऱ्याहून आली होती. जाताना एका कागदावर पत्ता लिहून तो कोनाड्यात ठेवला आणि एसटीत बसली. नऊ वर्षांपूर्वी बाप असून मी तुला दारातून घालवलं. त्यानंतर तुला लिहिलेली ही पहिलीच ओळ. मला लिहायची सवय म्हणजे आश्रमशाळेच्या कारकुनीतल्या हजेरीपटाची, तेव्हा मागेपुढे होईल ते सांभाळून घे. आई जाऊन आज सोळा दिवस झाले. ती कशी गेली आणि त्याआधी कशी जगली हे तुला माझ्याकडून कळावं असं वाटतं. काही तुला माहीत आहे, तरी लिहितो. ज्यासाठी लिहायला बसलो ते शेवटी येईल. तोवर हात जरा सैल होईल.

आई विश्वासात आली तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास. शहापूरच्या दवाखान्यात ती महिनाभर पडून होती. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीकडे तिची सून यायची, ती ख्रिस्ती होती. आपल्या वाडीत सगळ्यांना वाटलं की त्या लोकांनी प्रार्थना केली, हिरी बरी झाली आणि म्हणून तिकडे गेली. मलाही तसंच वाटायचं. एकदा मी तिला विचारलं. ती म्हणाली, "बरी तर मी गोळ्यांनी झाले. पन त्या बाईनं सासूबरोबर माझीपन भांडी घासली, माझं अंग पुसलं. ना वळखीची ना पाळखीची. मी इचारलं, कोन सांगतं गो तुला ह्ये करायला? तर तिनं नाव सांगितलं." एवढंच. तिच्या विश्वासाचा पाया हा असा होता. कोणीतरी सांगतं आणि आपण करायचं.

तिला वाचता येत नव्हतं हे तुला ठाऊक आहेच. शहापूरच्या चर्चच्या पाळकांनी तिला शास्त्र, म्हणजे बायबल दिलं आणि ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी बाप्तिस्मा घेतला नाही, सभेलाही फारसा गेलो नाही. पण रोज दिवेलागणीला ती पडवीत चटई टाकायची, कंदिलाची काच पुसून ठेवायची आणि मी एक पान वाचायचो. ते मला बातमी वाचल्यासारखं होतं. तिला मात्र हुकूम वाटायचा. मी वाचायचो आणि दुसऱ्या दिवशी ती ते करून मोकळी व्हायची. लोक शास्त्रावर चर्चा करतात. तिनं कधी केली नाही.

पेरणीच्या आधी गावदेवाला घराघरातून तांदूळ आणि कोंबडा जातो. त्या वर्षी तिनं तांदूळ दिले, कोंबडा दिला नाही. म्हणाली, "जेवनाला घ्या लागंल तेवढं. नवस माझ्याच्यानं व्हायचा नाय." लोक चिडले, आणि त्यांच्या बाजूनं पाहिलं तर त्यांचं अगदी चूक होतं असं मी म्हणणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या जे सगळ्यांनी मिळून केलं त्यातून एक घर बाजूला झालं की बाकीच्यांना भीती वाटते. महिपत वाडीत सगळ्यांत मोठा, त्याचा शब्द सगळे मानायचे, आणि माझाच चुलत भाऊ. त्यानं सांगितलं, हिरीच्या घरी कोणी आवणीला जायचं नाही आणि तिला विहिरीवर पाणी भरू द्यायचं नाही. आपल्याकडे आवणीला, म्हणजे भात लावायला, माणसाला माणूस जातो, मजुरीनं कोणी मिळत नाही. त्या वर्षी आपण चौघांनीच चिखलात पाय घातले होते, आठवत असेल. निम्मी रोपं लावायची राहून राबातच पिवळी पडली.

त्याच दिवसांत माझ्या वाचण्यात आलं की कोणी बळजबरीनं एक कोस चालायला लावलं तर त्याच्याबरोबर दोन कोस जा. सकाळी बघतो तर आई घरात नाही. ती महिपतच्या खाचरात उतरली होती. बाया एका कडेनं लावत होत्या, ही दुसऱ्या कडेनं एकटीच. महिपतची बायको गोजर बांधावरून ओरडली, "तुला कोनी बोलावलं गो?" ही मान वर न करता म्हणाली, "कोनी नाय. हात मोकळे हायेत." गोजर म्हणाली, "जेवान मिळायचं नाय हां." ही म्हणाली, "बांधून आनलंय." बाया हसल्या. पण संध्याकाळपर्यंत तिला तिथून उठवायची हिंमत कोणाला झाली नाही.

मला तेव्हा तिची लाज वाटली. आज अभिमान वाटतो. तेव्हा मात्र मी ठरवलं की असलं काही आता तिच्यासमोर वाचायचं नाही. पुढं जे पान अडचणीचं दिसेल तिथं मी दोन पानं एकदम उलटायचो. तिला कुठं कळतंय, असं मला वाटायचं.

मग अठ्ठ्याण्णव साल आलं. महिपतच्या भाताच्या भाऱ्यांची रचलेली उडवी जळाली. तूच जाळलीस हे तू लपवलं नाहीस. खळ्यावर सगळ्यांसमोर म्हणालास, "माझ्या आयला पानी भरू देत नाय, म्हनून जाळली." त्या वेळी मला फक्त जळलेलं भात दिसलं. तुझं खरं बोलणं दिसलं नाही. मी तुला घराबाहेर काढलं आणि पुन्हा या उंबऱ्यावर पाय ठेवू नको म्हणालो. आईनं तुझ्या फडक्यात नागलीच्या भाकरी बांधल्या आणि माझ्याकडे एकदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते तुला माहीत नसणार, कारण तू गेला होतास. तिनं आपल्या खळ्यावरचा पहिला भारा डोक्यावर घेतला आणि महिपतच्या खळ्याकडे चालू लागली. परत आली, दुसरा घेतला. मी आडवा झालो. म्हटलं, हे तुला कुठल्या पानावर सापडलं? हे तर मी वाचलेलं नाही. ती म्हणाली, "ह्याला पान लागतं व्हय? पोरगा आपला, आग आपली. सरका." दिवसभर ती फेऱ्या मारत होती. पहिल्या भाऱ्याला महिपतनं तोंड फिरवलं. दुपारनंतर मात्र तो खळ्यावर उभा राहून तिच्या डोक्यावरचा भारा उतरवून घेऊ लागला. संध्याकाळी आपल्या खळ्यावर बियाण्यापुरतं राहिलं. तो हिवाळा आम्ही नागलीवर आणि रानातून आणून उकडलेल्या करांद्यांवर काढला. ती रोज जेवणाआधी उपकार मानायची. मी म्हणायचो, कशाचे? ती म्हणायची, "दात हायेत ना चावायला, त्याचे."

पुढच्या आवणीला महिपतच्या घरून दोन बाया आल्या. कोणी पाठवलं ते त्यांनी सांगितलं नाही, आईनं विचारलं नाही. त्यानंतर एकेक घर येत गेलं. या वर्षी आईला उठवत नव्हतं. कल्याणच्या डॉक्टरांनी पोटातलं दुखणं हाताबाहेर गेल्याचं सांगितलं होतं. ती बांधावर घोंगडी घेऊन बसली होती आणि आपल्या खाचरात आठ घरांची माणसं होती. गोजर तिला म्हणाली, "आता बघ, आमाला जेवान देतीस का बांधून आनू?" दोघी इतक्या हसल्या की आईला खोकला लागला. त्यांतला एकही माणूस ख्रिस्ती झालेला नाही. आईनं तशी अट कधी घातली नाही.

दुखण्यात ती कण्हायची, पण देवाला जाब विचारताना मी तिला ऐकलं नाही. एकदा माझाच तोल गेला. म्हटलं, एवढं ऐकलंस त्याचं, त्याचं हेच फळ? ती म्हणाली, "मी फळासाठी नाय ऐकलं. सांगनारा चांगला हाय म्हनून ऐकलं."

ती गेली तेव्हा जागेचा प्रश्न आला. आपल्या वाडीत दहन होतं, दफनाला जागा नाही. मी माळावरच्या आपल्या वरकस तुकड्यात मोहाच्या झाडाखाली खणायला घेतलं. जमीन खडकाळ, पहार वाजत होती. थोड्या वेळानं मागून कोणीतरी पहार काढून घेतली. महिपत होता. म्हणाला, "सरक रे मास्तर. तुझ्या हातात पुस्तकच शोभतं." सत्तरीचा माणूस, त्यानं कमरेइतका खड्डा खणला, मग बाकीचे उतरले. शहापूरचे पाळक आणि सात-आठ विश्वासी आले, त्यांनी गाणी म्हटली. आपल्या वाडीची माणसं डोक्यावरचं काढून उभी होती. कोणत्या गाण्याला काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं, तरी एकही माणूस आधी गेला नाही. भगीरथ, ज्या बाईला एकेकाळी विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, तिच्यासाठी अख्खी वाडी माळावर उन्हात उभी होती. हे मी पाहिलं आणि तुला लिहून ठेवतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला माझा हात सवयीनं पुस्तकाकडे गेला. चटई टाकायला कोणी नव्हतं, मीच टाकली. पुस्तक उघडताना कधी नाही ते त्याच्या कडांकडे लक्ष गेलं. वाचलेल्या पानांच्या कडा माझ्या अंगठ्यानं आणि कंदिलाच्या काजळीनं काळ्या झाल्यात. मी गाळलेली पानं मात्र पांढरी, अजून नवी दिसतात. माझी चोरी चौदा वर्षं तिच्यासमोर उघडी होती. अशा दोन पांढऱ्या पानांच्या मधे भाताची एक लोंबी होती, दाबून चपटी झालेली. मी दिपालीला फोन केला. ती रडायला लागली. एका नाताळात पाळकांनी ती गोष्ट सभेत सांगितली होती, त्याला सहा वर्षं झाली. आईच्या लक्षात आलं की ही तर घरी कधी ऐकली नाही. तिनं दिपालीकडून जागा दाखवून घेतली आणि तिथं खूण ठेवली. दर सुगीला जुनी लोंबी काढून नवीन ठेवायची. दिपाली म्हणाली होती, मी वाचून दाखवते ना. तर आई म्हणाली, "नको गो. त्यांच्या हातानं उघडू दे. देव वाचून घेईल त्यांच्याकडून." सहा वर्षं ती रोज माझ्यासमोर बसली, मला दोन पानं एकदम उलटताना पाहिलं, आणि थांबली. रोजच्या प्रार्थनेत ती तुझं नाव घ्यायची, तेही मी ऐकायचो. मला वाटायचं ती देवाशी बोलतेय. ती माझ्याशीही बोलत होती.

मी ती गोष्ट रिकाम्या चटईसमोर मोठ्यानं वाचली. घर सोडून गेलेल्या मुलाची आहे. एवढी वर्षं मी ती यासाठी गाळली की ऐकली तर आई तुला आणायला निघेल, असं मला वाटायचं. पण त्यात आई नाहीच. त्यात बाप आहे. मुलगा अजून लांब असतानाच बाप त्याला बघतो आणि पळत जातो. मी तिथंच थांबलो. कारण मातीच्या दिवशी ओहोळापलीकडे, करंजाखाली तू उभा होतास. तुला वाटलं असेल कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं होतं. निळा शर्ट, हातात चपला. मी पाहिलं आणि मान खाली घालून माती लोटत राहिलो. वर पाहिलं तोवर तू गेला होतास. महिपतला हे सांगितलं तर तो म्हणाला, "उडवीचं मी कदीच सोडलं. तूच धरून बसलायस." तिच्याबद्दल अभिमान वाटतो असं मी पानभर लिहिलं. पण तिनं जे ऐकलं ते केलं, आणि मी फक्त वाचलं. आता वाचलंय ते करायचं आहे. म्हणून येत्या रविवारी तू येऊ नकोस, मी येतो. मुरबाडहून सकाळची शहापूरची गाडी पकडेन, तिथून आसनगावला तुझ्या खोलीवर. गुडघ्यांमुळे पळणं आता होत नाही, तेवढं एसटीवर भागव. आईच्या खाचरातले नवे तांदूळ आणतोय. संध्याकाळच्या गाडीनं आपण दोघं परत येऊ. चटई मी टाकीन, वाचायचं तू. दोन पानं एकदम उलटलीस तर मला कळेल.

तुझाच,
बाबा