निळ्या भिंतीचा गिलावा

१६ मार्च १९८६, रविवार
भिंती छतापर्यंत आल्या. गोमती नगरात आमच्या गल्लीत अजून दोनच घरं, आमचं आणि शेजारच्या सक्सेना साहेबांचं. बाकी गवत आणि प्लॉट आखलेल्या खुंट्या.

पश्चिमेला आणि दक्षिणेला बाहेरून थर्माकोल बसला. लॅबमध्ये यंत्रं आली होती त्यांच्या खोक्यांतले जाड ठोकळे. सगळे हसले. हसू देत. वरच्या मजल्यावरच्या सरकारी क्वार्टरमध्ये दहा उन्हाळे भाजून निघालेय मी.

ठेकेदार तिवारीजींनी विचारलं, "ऊपर कौन सा रंग आएगा, भाभीजी?"
"गहरा नीला."
लगेच म्हणाले, "नीला मत कराइए. थर्माकोल के ऊपर गहरा रंग टिकेगा नहीं, प्लास्टर फट जाएगा."

घरी येताना नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून तेच घोळवत होते. तिवारी आधी 'नीला' म्हणाले. 'गहरा' नंतर आठवलं.

तिवारी बोलत होते तेव्हा यशवंत शेजारीच उभे होते. विटा मोजत राहिले. निळा दोघांनी मिळून ठरवला होता, प्लॉट मिळाला त्याच दिवशी.

१८ मार्च, मंगळवार
ऑफिसनंतर साइटवर. सक्सेना साहेब कुंपणाशी आले. निवृत्त माणूस, अदबीने बोलणारा. "सुना है आप लोग नीला करवा रहे हैं? कोई खास वजह?"

म्हणजे तिवारींनी सांगितलं. माझ्या भिंतीचा रंग शेजाऱ्याला सांगायचं कारण काय?

मी म्हटलं, "पसंद है."
"अच्छा, अच्छा. हम तो क्रीम वाले लोग हैं."

थर्मासमधला चहा पुढे केला. नको म्हणाले. बिस्किट? तेही नको. "आज व्रत है."

घरी येऊन कॅलेंडर पाहिलं. मंगळवारच आहे. इथे पुष्कळ लोक मंगळवारी हनुमानाचा उपास करतात. पण उपासाला चहा चालतो, तिवारी पितात. की काहींना नाही चालत? माहीत नाही. कुणाला विचारणार.

६ एप्रिल, रविवार
य. जेवताना म्हणाले, "तिवारी काही खोटं बोलत नाही. गडद रंग ऊन पितो. मागे थर्माकोल, म्हणजे उष्णता आत जाणार नाही, गिलाव्यातच साठणार. तू तर सायन्सवाली."

अगदी बरोबर बोलले. मीही हेच म्हटलं असतं. पण हिशेबाच्या खात्यातला माणूस, उष्णता कुठे साठते हे यांनी कधीपासून वाचायला घेतलं?

मिनूला विचारलं. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत. "मम्मी, कलर ही तो है." मग, "वैसे मुझे नीला अच्छा लगेगा."

१४ एप्रिल, सोमवार
जयंती. चारबागजवळच्या हॉलमध्ये दरवर्षीसारखे जमलो. बहुतेक सगळे नागपूर-अमरावतीकडचे, रेल्वेतले, पोस्टातले. वंदना, भाषणं, शेवटी पुरी-भाजी. निळे झेंडे दाराशी. य. मागच्या रांगेत बसले, लवकर निघू म्हणाले.

बाबांची आठवण आली. गिरणीतून आले की जयंतीआधी दाराला निळा हात मारायचे. फक्त दाराला. मी विचारलं होतं, भिंतीला का नाही? "भिंती मालकाच्या आहेत, पोरी. दार मी बदलून घेतलेलं आहे."

आता भिंती माझ्या आहेत. एवढंच कारण आहे. हे सक्सेना साहेबांना कसं सांगायचं?

२७ एप्रिल, रविवार
ठरवलं, कुणाचं ऐकायचं नाही. करून पाहायचं. पश्चिमेच्या भिंतीवर नमुने लावून घेतले, प्रत्येकाखाली थर्माकोल आणि खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी सारखीच. एक नुसत्या सिमेंटचा, एक सिमेंट-चुन्याचा, एक चुना आणि सुरखीचा, म्हणजे विटांच्या चुऱ्याचा. तिन्ही निळे. शेजारी तेच तीन क्रीम.

गंमत झाली. दुकानदाराने दिलेला निळा चुन्यात कालवला आणि तासाभरात तपकिरी पडायला लागला. क्षणभर वाटलं, मुद्दाम दिला. मग स्वतःचीच लाज वाटली. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये जन्म गेला, चुन्यात कुठला निळा मरतो हे मला ठाऊक पाहिजे होतं. दुसरा आणला, तो टिकला.

हा संशय फार वाईट. एकदा लागला की पुडीतल्या रंगावरही येतो.

१८ मे, रविवार
लू सुरू, अंग भाजणारे वारे. लॅबचा थर्मामीटर नेला. उतरत्या उन्हात निळ्यावर लावला तर पारा सत्तरीच्या घरात. तळवा टेकवला आणि काढून घेतला. क्रीमवर हात ठेवून उभं राहता येत होतं.

तिवारी बघत होते. "मैंने कहा था न."

हो, म्हणाले होते. खरंच होतं. माणूस खरं बोलतो आणि तरी मला त्याचा राग येतो, हे कसं मांडायचं.

१ जून, रविवार
निळ्या सिमेंटला तडे. कोळ्याच्या जाळ्यासारखे. सिमेंट-चुन्याला एक लांब चीर. चुना-सुरखीच्या निळ्याला मात्र काही नाही. भिंग लावून पाहिलं, केसाएवढ्या दोन रेषा, त्याही बंद होत आल्यासारख्या.

म्हणजे दोष निळ्याचा नाही. कडक सिमेंटचा आहे. ते तापून वाढतं, संध्याकाळी आखडतं, वाकत नाही म्हणून फुटतं. चुना मऊ, सांभाळून घेतो.

तिवारींना सांगितलं. "चूने का काम अब कौन करता है, भाभीजी? हफ्तों भिगोना पड़ता है. मिस्त्री नहीं मिलेंगे. क्रीम करा लीजिए, सिमेंट में, झंझट खत्म." पुन्हा क्रीम.

८ जून, रविवार
निळ्या चुन्याच्या नमुन्याचा खालचा कोपरा उखडलेला. जो चांगला होता तोच. थर्माकोल दिसतोय.

तिवारी: "गर्मी से फूल गया होगा."
मिस्त्री: "गाय ने रगड़ा होगा."

उन्हाने फुगलं असतं तर आधी मधोमध सुटलं असतं. हा कोपरा कडेने उचकटल्यासारखा वाटतो. वाटतो. खात्री नाही. सक्सेनांचं कुंपण पाच पावलांवर. ते व्हरांड्यात पेपर वाचत होते, मला पाहून हात वर केला.

मिनूला घरी सांगितलं. ती सहज म्हणाली, "गुरुवार को पापा गए थे वहाँ, दोपहर में. मैंने स्कूटर देखा था, सहेली के घर से आते वक्त."

गुरुवारी य. मला म्हणाले होते, दिवसभर मीटिंग होती.

१० जून, मंगळवार
दोन दिवस गिळून बसले होते. आज चहाच्या वेळी विचारलं. आडून नाही.

"गुरुवारी साइटवर गेला होतात?"
"गेलो होतो."
"कोपरा तुम्ही काढला?"
बशीत कप फिरवत राहिले. "हात लावून पाहिला. दाबला, तर निघाला."
"दाबला की उचकटला?"
"वत्सला, मला खरंच सांगता येणार नाही."

मग बोलले. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, एवढं सलग कधी बोलले नव्हते. ऑफिसात पहिल्या दिवसापासून 'महाराष्ट्र के हैं' एवढंच माहीत. मेश्राम या आडनावावरून इथे कुणाला काही कळत नाही. मोठे साहेब, पांडे, यांनी स्वतःच ठरवून टाकलं की हे तिकडचे पंडित, म्हणजे ब्राह्मणच असणार. तेव्हापासून रोज दुपारी डबा एकत्र. "मी खोटं बोललो नाही. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

"आणि आता भिंत सांगेल."
"हो."
"भीती वाटते?"
"भीती नाही गं. कंटाळा आहे. या वयात पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. कोण कसं बघतं, कोण पाणी घेतं, कोण घेत नाही. नागपूर सोडलं ते त्यालाच कंटाळून."

 मी हे रोज करते. सक्सेना साहेबांच्या चहापासून.

२२ जून, रविवार
य.नी तोडगा काढला. निळा उत्तरेच्या भिंतीला देऊ. तिथे ऊन नाही, रंग वर्षानुवर्षं टिकेल. पश्चिमेला क्रीम.

शास्त्राच्या दृष्टीने चूक काढता येत नाही. उत्तरेला बाजूचा बोळ आहे. तिथून फक्त कचऱ्याची गाडी जाते.

"रस्ता पश्चिमेला आहे," मी म्हटलं.
"माहीत आहे."
तोडगा तिथेच पडला. आज दोघं एकमेकांशी फार नीट वागतोय, पाहुण्यांसारखं.

१२ ऑक्टोबर, रविवार
पाऊस सरला, गिलाव्याचं आता ठरवायलाच हवं. सकाळी य. चपला घालून दारात. "चल."
"कुठे?"
"चौकातल्या जुन्या बाजारात. चुना बघायला. भट्टीचा ताजा पाहिजे ना तुला?"

का बदलले, विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित पुन्हा बदलले असते. जुन्या गल्ल्यांतून तीन ठिकाणी फिरलो. पोत्यातला चुना मी हातावर घेऊन टाकत होते, य. मागे उभे, कपाळाचा घाम पुसत. शेवटी एका ठिकाणी चांगला मिळाला. प्लॉटवर खड्डा करून भिजत घातला.

य.नी तिवारींना माझ्यासमोर सांगितलं, "नीला ही होगा. चूने में. पतली-पतली परतें, और बीच-बीच में खाँचे, ताकि दीवार को फैलने की जगह रहे."
खाचांचं मी सांगितलेलं. पण शब्द त्यांचे.
तिवारी म्हणाले, "जैसी मर्ज़ी, साहब." चेहऱ्यावरून काही वाचता आलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
पश्चिमेची भिंत पूर्ण. निळा ओला असताना काळसर दिसतो, वाळला की खुलतो. थांबून थांबून पाहिला.

दक्षिणेचा पहिला थर माझ्या गैरहजेरीत लावला. करडा दिसतोय, चुन्याचा पांढरा नाही.
"सिमेंट डाला है?"
तिवारी: "ज़रा सा, पकड़ के लिए. सब डालते हैं."
"ज़रा सा यानी कितना?"
"ज़रा सा."

असं घालतात, हे खरं आहे, पुस्तकातही आहे. पण किती घातलं, हे त्यालाच ठाऊक. पाडून टाका म्हणावंसं वाटलं. य.नी दंडावर हात ठेवला. "राहू दे. चांगल्यासाठीही केलं असेल." असेल. वर चुन्याचे दोन थर माझ्या डोळ्यांदेखत लावून घेतले.

२१ डिसेंबर, रविवार
घरात आलो. सकाळी बुद्धवंदना, दुपारी जेवण. चारबागची मंडळी रिक्षा भरभरून आली. दिवाणखान्यात फोटो लागला. य.नी स्वतः खिळा ठोकला, रस्त्यावरून दिसेल अशा भिंतीला.

सक्सेना साहेब पत्नीसह आले. भात-वरण, भाजी, सगळं घेतलं, खीर दोनदा. मग मंगळवारचं ते खरंच व्रत होतं का? की आज चारचौघांत बसून...

पांडे साहेब आले. बाहेर उभे राहून भिंत पाहिली, आत येऊन फोटो पाहिला. जेवले. निघताना म्हणाले, "यशवंत जी, आपने कभी बताया नहीं."
य. म्हणाले, "आपने कभी पूछा नहीं, सर."
 नजर खाली घातली नाही. मी पदराने डोळे पुसले, फोडणीचा धूर म्हटलं.

९ जानेवारी १९८७, शुक्रवार
य.ना हळूच विचारलं, डबा कुणाबरोबर खाता?
"साहेब आता दुपारी घरी जातात. घर जवळ आहे ना."
"आधीही जवळच होतं."
"हो. बहुतेक डॉक्टरांनी सांगितलं असेल."
हसलो दोघं. मी नाही म्हटलं तरी रडवेली.

एक मात्र आहे. शर्मा नावाचा एक क्लार्क स्वतःहून य.च्या टेबलाशी डबा घेऊन येतो म्हणे. तो का येतो, हेही मी विचारत बसले होते. य. म्हणाले, "जेवू दे की त्याला."

३ मे १९८७, रविवार
पहिला खरा उन्हाळा. आतून भिंत गार, मिनू दुपारी जमिनीवर चटई टाकून अभ्यास करते. थर्माकोलला हसणारे बघायला येतात.

पश्चिमेची भिंत ठणठणीत. दक्षिणेला, दोन खाचांच्या मध्ये, केसाएवढी रेष. नखाने चाचपली. नुसत्या चुन्याची असेल तर मिटत येईल. आतल्या सिमेंटची असेल तर वाढेल. पेन्सिलीने टोकाला खूण केली.

१० मे, रविवार
सकाळी सक्सेना साहेब त्यांच्या बाजूने आमच्या दक्षिणेच्या भिंतीलगत खड्डे करत होते. मधुमालतीचे वेल. मला पाहून कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"भाभीजी, आपकी दीवार इस तरफ बहुत तपती है. मैंने देखा, लकीर पड़ गई है. बेल चढ़ जाएगी तो धूप नहीं लगेगी, आपका प्लास्टर बच जाएगा."

माझ्या भिंतीवरची केसाएवढी रेष त्यांनी पाहिली. इतक्या जवळून रोज पाहतात का?

म्हणणं मात्र खरं आहे. वेलीची सावली हा गडद भिंतीला सगळ्यात चांगला उपाय, मलाच सुचायला हवा होता. आणि वेल वर चढली की त्यांच्या व्हरांड्यातून निळा दिसणार नाही, हेही खरं.

"बस दीवार पर थोड़ी कीलें लगानी पड़ेंगी, तार बाँधने के लिए. आप कहें तो."

खिळा म्हणजे गिलाव्याला भोक. भोकातून पाणी आत, थर्माकोलपर्यंत. ते खिळ्यांऐवजी जमिनीत बांबू रोवूनही करता येईल. पण तसं म्हटलं तर वेल हवी असं होईल.

य. दारात उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "भिंत तुझी आहे. तू सांग."

सक्सेना साहेबांच्या हातात रोप होतं, मुळांना ओली माती. ऊन चढत होतं. मी म्हटलं, "रोप तो लगा दीजिए, नहीं तो सूख जाएगा. कीलों का सोचकर बताती हूँ."

"हाँ हाँ, कोई जल्दी नहीं," म्हणाले आणि खाली बसून माती दाबायला लागले. अगदी हलक्या हाताने दाबत होते. मी आत येऊन खिडकीतून बघत राहिले.