दीड तासावरचा भीमराज

भोसरी, ता. ३ फेब्रुवारी १९७८

ती. दादास,
ज्ञानदेवचा सप्रेम जय भीम.

मी केलेली तार मिळाली असेल. आईच्या पोटातली गाठ वाढलीय. डॉक्टर म्हणाले, फार तर महिना.

आणि एक. पहिल्या पत्रात तू लिहिलं होतंस, विमान मुंबईहून दहाला सुटलं, कुवेतला साडेअकराला उतरलं. आईनं बोटांवर मोजलं, दीड तास. चाळभर सांगत सुटली, जुन्नरला जायला यष्टीनं तीन तास लागत्यात, माझा भीमराज त्याच्या निम्म्यावर हाय. परवा शेजारच्या चतुराबाई म्हणाल्या, मग येत का न्हाई गं तो? तेव्हापासून आई तुझं नाव घेत नाही. फोटोचं तोंड भिंतीकडं केलंय. मीही मोजलं, दादा. दीडच येतात.

रागावू नकोस, पण लगेच लिही. माया आहे तशीच असू दे.

तुझा ज्ञानदेव

कुवेत, ता. १५ फेब्रुवारी

चि. ज्ञानदेवास,
जय भीम आणि आशीर्वाद.

गाढवा, आयटीआय करून एवढं कळेना? इथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं. विमान चार तासांचं, अंतर पावणेतीन हजार किलोमीटर. चूक माझीच, इथलं घड्याळ बघून लिहिलं.

पण चार सांगून काय? ती म्हणेल, चार तर चार, ये. पासपोर्ट मॅनेजरच्या कपाटात, करार ऑक्टोबरपर्यंत. तार दाखवली तर म्हणाला, सगळ्यांच्याच आया आजारी पडतात. तीनदा गेलो. चौथ्यांदा शिपायानं दारातूनच हाकललं. हे आईला सांगू नकोस, पोराला कोंडलंय म्हणून रडेल. त्यापेक्षा मला लांब कर. सांग, विमानं बंद झाली, आता जहाज, आठ दिवस लागतात. लांब म्हटलं की राग जाईल.

तिच्या पायांवर माझ्या वाटचंही डोकं ठेव.

तुझा दादा भीमराज

भोसरी, ता. ४ मार्च

ती. दादास,
सप्रेम जय भीम.

सांगितलं. राग गेला, फोटोही सरळ झाला. पण तिनं ऐकलं वेगळंच. आठ दिवस लागतात म्हणजे तू निघालास! चतुराबाईंना हाक मारून म्हणाली, भीमराज जहाजात बसला गं. आता पेज पिते, उशीला टेकून बसते. तुला यष्टीत ओकाऱ्या व्हायच्या, जहाजात काय हाल होत असतील म्हणते. बंदरावर तुला आणायला मला शिफ्ट बदलून घ्यायला लावली. फोरमन अर्जुनरावांनी कारण विचारलं. म्हटलं, दादा येतोय. तिथंही खरं तोंडातून निघालं नाही.

आज सहावा दिवस. डॉक्टर म्हणतात, बाई कशावर जगतेय कळत नाही. मला कळतं.

परवा आठ होतील. हे पत्र तुला मिळायला बारा दिवस, उत्तर यायला आणखी बारा. तार केली तरी तुझ्या हातात काय आहे? परवा मलाच काहीतरी बोलावं लागेल. काय बोललो ते मागाहून कळवतो. ते वाचून मला परकं करू नकोस, एवढंच मागणं.

तुझाच,
ज्ञानदेव