हिरड्यांच्या रंगाचा डबा

मंगळवार, ३ नोव्हेंबर

सिंकला पुन्हा पिवळे डाग! नवऱ्याने दात घासता घासता विचारलं, हे कशाचे? मी म्हटलं, चहाचे. पेपरमागे मिस्त्री खुसखुसले. त्यांना पक्कं ठाऊक आहे कशाचे ते. सर्किटच्या पाटीवरचं नको असलेलं तांबं काल ॲसिडमध्ये विरघळवत होतो, तेव्हा ट्रे कलंडला तो त्यांच्याच कोपराने. पण बोलले नाहीत. मीही नाही. आमच्या दोघांत एकमेकांची चूक लगेच सांगायची पद्धत नाही. साठवून ठेवायची, आणि चार पाहुणे जमले की थाटात बाहेर काढायची!

मिस्त्री म्हणजे सासरे. समोर 'बाबा', इथे मिस्त्री. एवढी मुभा सुनेला हवीच. कारखान्यात लोखंड ओतायला लाकडी साचे लागतात, ते त्यांनी जन्मभर केले. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते. म्हणजे दोघांचंही आयुष्य उलट्या आकारांत गेलेलं. त्यांना रिकामपण खायला उठलं तेव्हा मी त्यांच्या हातात माझं एक सर्किट दिलं आणि म्हटलं, बाबा, याला घर करा. तेव्हापासून बोर्ड माझे, डबे त्यांचे. कुंडी सुकली की कोकलणारा एक. फ्रिजचं दार उघडं राहिलं की शिट्टी मारणारा एक (तो खास नवऱ्यासाठी). नवरा म्हणतो, या घरात माणसांपेक्षा डबेच जास्त बोलतात.

बुधवार, ४ नोव्हेंबर

मिस्त्री बाथरूममध्ये चक्कर येऊन बसले. पडले नाहीत – बसले. हा फरक त्यांनी डॉक्टरांना पुनःपुन्हा समजावून सांगितला. रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली गेली होती. का? 'घेतली की नाही ते आठवेना, म्हणून घेतली.'

नवऱ्याला राहवलं नाही, त्याने बहिणीला फोन केला. झालं! माझी नणंद निवृत्त मुख्याध्यापिका आहे. इथे हेडबाई. दुसऱ्या गावात एकट्या राहतात, आणि आपल्याला कुणाची गरज नाही हे येता-जाता सांगतात. स्पीकर न लावता सगळ्या खोलीला ऐकू आलं – 'तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. त्यांच्याकडे बघणार कोण? रविवारी येते. बॅग भरून ठेवा, मी त्यांना कायमची इकडे घेऊन येणार आहे.'

मिस्त्री फोनवर म्हणाले, 'हो बाळ.' फोन ठेवल्यावर म्हणाले, 'मी काय पार्सल आहे?'

गुरुवार, ५ नोव्हेंबर

मला ते जायला नको आहेत. लिहूनच टाकते. माहेरी माझ्या हातात कुणी कधी स्क्रूड्रायव्हरसुद्धा दिला नाही. मोडेल, लागेल, राहू दे! या माणसाने मला रंधा मारायला शिकवलं, आणि मी त्यांना सोल्डरिंगचा डाग द्यायला – दोघांनी बोटं भाजून घेतली. ते गेले तर संध्याकाळी लॅबमधून घरी यायचं कशासाठी? नवऱ्याने हे वाचलं तर रुसेल. रुसू दे.

तर बेत ठरला. गोळ्यांचा डबा! चार खण – सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. वेळ झाली की त्या खणावरचा दिवा लागणार, घंटा वाजणार, आणि झाकण उघडून गोळी काढेपर्यंत थांबणार नाही. हेडबाई रविवारी आल्या की डबा त्यांच्या पुढ्यात ठेवायचा. बघा ताई, कुणी बघायला नको, बाबा चुकूच शकत नाहीत.

घंटा म्हणून मी काय घातलं असेल? शाळेची घंटा! टण-टण-टण. मिस्त्रींना इतकं हसू आलं की त्यांना खाली बसावं लागलं. पडले नाहीत.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर

मिस्त्रींनी लाकडाचा साचा काल रात्रीच पुरा केला होता. आज लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत डबा ओतला. लॅबमालक मुदत संपलेली ॲक्रिलिक पावडर टाकूनच देणार होते, ती मी मागून घेतली. फक्त ती कवळीची पावडर, त्यामुळे रंग एकच – हिरडीचा. डबा कसा तर गुलाबी, ओला वाटणारा, अगदी जिवंत! नवरा म्हणाला, 'याला दात कधी येणार?'

आणि आता खरी गोष्ट. कुणाला सांगणार नाही, फक्त इथे. सर्किटचं चित्र कागदावर छापून तांब्यावर ठेवायचं आणि वरून इस्त्री फिरवायची, की ते उलटं उमटतं. म्हणून मुळात छापतानाच उलटं छापायचं असतं. हे मला झोपेतही माहीत आहे. आणि मी छापलं सुलटं!! दिवसभर उलटे जबडे हाताळणारी बाई! नवी पाटी करायला वेळ नव्हता. चिप उताणी करून मागच्या बाजूने बसवली, पाय वाकवून. चालली. पण दिव्यांची रांग उलटी झाली – सकाळचा दिवा लागला तो अगदी उजव्या टोकाला.

मिस्त्री तेव्हा पाठ करून झाकणं घासत होते. त्यांनी पाहिलं नाही, नशीब! पाहिलं असतं तर वर्षभर सुटका नव्हती.

शनिवार, ७ नोव्हेंबर

लॅबला जायच्या आधी प्रोग्रॅममध्येच दिव्यांची अदलाबदल करून टाकली. आता सकाळ डावीकडे, जिथल्या तिथे. कुणाला पत्ता नाही. मी म्हटलं, खणांवर नावं लिहू का? मिस्त्री म्हणाले, 'नावं कशाला? दिवा लागला की तो खण उघडायचा. गोळ्या मी भरतो.' आणि गालातल्या गालात हसले. आज रात्रीच्या गोळीपासून सुरुवात.

रविवार, ८ नोव्हेंबर

फजिती! फजिती!! फजिती!!!

रात्रभर मिस्त्रींच्या बाथरूमच्या फेऱ्या ऐकू येत होत्या. मला वाटलं, उद्याची धास्ती. सकाळी घंटा झाली, त्यांनी शहाण्यासारखी डावीकडची गोळी घेतली, आणि चहा संपायच्या आत पेंगायला लागले. हेडबाई बाराला आल्या तेव्हा मिस्त्री टेबलावर कानशीवर गाल ठेवून घोरत होते. हेडबाईंनी हलवलं. 'बाबा!' मिस्त्री डोळे न उघडता म्हणाले, 'बारीक पॉलिशपेपर दे.'

हेडबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग डब्याकडे. 'ही कुणाची कवळी?'

तेवढ्यात दुपारची वेळ झाली – टण-टण-टण! हेडबाई खुर्चीतून ताडकन उठून उभ्या! इतर कुठल्याही दिवशी मी हसून मेले असते. पण झाकण उघडलं तर दुपारच्या खणात मोठी नारिंगी गोळी. ती तर संध्याकाळची! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गोळ्या उलट्या भरल्यात. म्हणजे रात्री घेतली ती सकाळची, लघवी जास्त व्हायची. आणि सकाळी घेतली ती रात्रीची, झोपेची. शुक्रवारी म्हाताऱ्याने सगळं पाहिलं होतं तर!

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, एका दिवसाने काही होत नाही, झोपू द्या. मग बराच वेळ हसले. हेडबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, 'उद्या सकाळी निघायचं.'

सोमवार, ९ नोव्हेंबर

मिस्त्री उठले ते ताजेतवाने, भांडायच्या तयारीनेच.

'प्रोग्रॅम का बदललास? मी गोळ्या बरोबर उलट्या भरल्या होत्या!'

'मला सांगायचं तरी! कशाला भरल्यात उलट्या?'

'तुझी चूक झाकायला.'

'बाबा, खरं सांगा.'

'बरं. झाकून ठेवायला. पुढे पाहुण्यांसमोर काढली असती.'

'मीही त्याच भीतीने गप्प राहिले!'

दोघांनी एकच चूक दोन्ही बाजूंनी सुधारली, आणि ती होती तिथेच परत आली. साचे करणाऱ्यांच्याच घरात होऊ जाणे! आधी ते हसले, मग मी, मग दोघांना थांबताच येईना. मान वर केली तर दारात हेडबाई. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. चेहरा मात्र परीक्षेच्या हॉलमधला.

म्हणाल्या, 'फेरपरीक्षा. शुक्रवारपर्यंत थांबते. एक गोळी चुकली तर बाबा माझ्याबरोबर येतील. वाद नको.'

मिस्त्री म्हणाले, 'हो बाळ.'

मंगळवार, १० नोव्हेंबर

एकही चूक नाही. मी लॅबमध्ये एका आजोबांची कवळी अर्धवट टाकून फोनच करत होते. मालक वैतागले. वैतागू देत.

बुधवार, ११ नोव्हेंबर

एक मजा सापडलीय. घंटा वाजली की हेडबाई उठतात आणि सरळ आतल्या खोलीत जातात. दर वेळी! हाडातच भिनलंय, दुसरं काय. मी मिस्त्रींना खुणावलं – वर्ग सुटला! ते हसले नाहीत. परीक्षेचा ताण आला असेल.

मला मात्र चैन पडेना. संध्याकाळी ताईंच्या नकळत डब्यामागचं बटण दाबून एक खोटी घंटा वाजवली. त्या उठल्या, घड्याळाकडे पाहिलं, खाली बसल्या. माझ्याकडे असं पाहिलं की मला बाकावर उभं राहावंसं वाटलं.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

अजून बिनचूक. नवरा म्हणतो, ताईला इतकं गप्प मी जन्मात पाहिलं नाही. मी म्हटलं, हरायची वेळ आली की लोक गप्पच होतात. मिस्त्रींना म्हटलं, जिंकलो की एक मोठा बोर्ड करूया, मोटार वगैरे. म्हणाले, बघू. दिवसभर गॅलरीत लाकूड घासत बसले होते.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

जिंकलो! नाकावर टिच्चून जिंकलो!

रात्रीची गोळी झाल्यावर हेडबाई म्हणाल्या, 'राहू दे बाबांना इथेच. इथे बरे आहेत ते.' बस, एवढंच. ना उपदेश, ना अटी. मी तर उत्तरांची तयारी करून बसले होते, ती सगळी फुकट गेली. त्या डबा हातात घेऊन उलटसुलट बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, 'चांगला केलायस गं.' मला! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. मी इतकी गडबडले की थँक्यू म्हणायचंही राहिलं.

उद्या सकाळी निघतील. मिस्त्रींनी जिंकल्याचा काही आनंदच दाखवला नाही. दमले असतील बिचारे. मला मात्र आनंदाने झोप येत नाहीय.

शनिवार, १४ नोव्हेंबर

सकाळी दाराशी दोन बॅगा. एक हेडबाईंची, एक मिस्त्रींची. मी म्हटलं, बाबा, आपण जिंकलो ना? ते हळूच म्हणाले, 'घंटा झाली की ती आत जाऊन पर्समधल्या गोळ्या घेते. माझ्याहून जास्त आहेत. मी विचारलं, कधीपासून? तर म्हणाली, सांगणार कुणाला, घरात आहे कोण? मला न्यायला आली होती ती, पण सोबत मागता येत नाही गं तिला. तुझ्याजवळ नवरा आहे.'

मी तिथेच रडले. हेडबाई टॅक्सी बघायला खाली गेल्या होत्या, बरं झालं.

ते गेल्यावर टेबलावर नवा साचा दिसला. घासूनपुसून तयार, आठ खणांचा.