लूमच्या दारावरचा पडदा

मी, पंढरी हिरामण भोईर, वय सव्वीस, शिक्षण नववी, धंदा यंत्रमाग, राहणार नारपोली, भिवंडी. मला ताप नाही, कोणी धाक घातलेला नाही आणि आजची तारीख मला ठाऊक आहे. सोमवारी मुंबईत माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. तिथल्या कागदावर सही केली, तेव्हा घरच्याही कागदावर करावी असे वाटले.

१. राहते घर व पोस्टातील बचत माझी आई पार्वती हिची.

२. दिवंगत वडिलांनी पूर्णा गावची जमीन विकून घेतलेले दोन्ही लूम, हत्यारांच्या पेटीसह, माझी बहीण कमळ हिला. आई म्हणेल, "आपल्या घरची पोर लूमवर उभी न्हाय राहत." आई, मी खाटेला लागल्यापासून एक लूम लतीफभाई चालवतात आणि दुसरा कमळ, गल्लीकडचे दार लावून. तू बाहेर सांगतेस, पंढरी चालवतो. मी भिंतीअलीकडे पडून ऐकतो. डोळा लागला की दोन्ही आवाज खारबावच्या खाडीतल्या होड्यांसारखे शेजारी शेजारी चालतात आणि माझी खाट हलकेच त्यांच्यामागे निघते. पुढच्या होडीत बाबा असतात, केसांत लूमवरचा कापूस तसाच. कुठे चाललो, हे कोणी विचारत नाही.

३. बैठकीची खोली आणि लूम यांच्यामधला फुलांचा पडदा मामा केसरीनाथ यांना परत. कमळला पाहायला पाहुणे आले, तेव्हा मामांनीच तो आणला, लूम बंद करवले आणि म्हणाले, "आपण मध्यमवर्गी माणसं. कनिष्ठ का असेना, मध्यम." पाहुण्यांनी बाबांना विचारले, तुम्ही मालक की कामगार? बाबांनी विचार करून खरे ते सांगितले, "सकाळी मालक असतो, जेवल्यावर कामगार." पाहुणे हसले, चहा प्यायले, पुन्हा आले नाहीत. मामा बाबांशी शेवटपर्यंत बोलले नाहीत. मामा, लूमच्या संपात कामगारांनी आम्हाला मालक म्हटले आणि मालकांच्या सभेत बाबांना खुर्ची मिळाली नाही. बाबांचे उत्तर बरोबर होते. पडदा धुऊन ठेवला आहे.

४. आई दुपारी लूमच्या आवाजातच झोपते, आवाज थांबला की जागी होते. माझे काही झाले तर तिला जवळ बसून सांगेपर्यंत लूम थांबवू नयेत. नाहीतर ती शांततेवरूनच ओळखेल.

हे सर्व साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले, कमळचा लूम चालू असल्यामुळे दोनदा. शेजारच्या गुणाबाई म्हणाल्या, "पंढरी खाटंवर आन लूम चालतंय, गल्ली काय येडी हाय?" लतीफभाईंनी विचारले, "और तू वापस आया तो? मग या कागदाचं काय?"

म्हणून शेवटी लिहितो. मी परत आलो तर बाकी कलमे रद्द. कलम दोन मात्र आजपासूनच लागू, दार उघडे ठेवून.

एवढे लिहीपर्यंत आईने उठून गल्लीकडच्या दाराची कडी काढली आहे. कागदावर ऊन आले आहे.

सही: पंढरी हिरामण भोईर

साक्षीदार:
लतीफ कासम शेख (सही)
गुणाबाई रघू तरे (डाव्या हाताचा अंगठा)

नारपोली, भिवंडी
गुरुवार, १३ फेब्रुवारी १९९२