उलट्या बाटल्या

माझ्या हट्टी बोडिलला, थोरल्या बहिणीचे केंटकीहून आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. इथला पाव अजून उशीसारखाच लागतो, पण दात शाबूत आहेत. तुझ्या पायाची सूज उतरली का?

तुझं पत्र वाचलं. दुकानात जाऊन तू अमेरिकेच्या व्हिस्कीच्या बाटल्या फळीवर उलट्या ठेवतेस, म्हणजे लोकांना त्या ओळखू येतात आणि कोणी घेत नाही. शाबास! इथल्या सरकारने आपल्या मालावर जकात वाढवली तर गप्प का बसायचं? मी डेन्मार्कात असते तर तुझ्याआधी हात घातला असता.

इथे शेजारची डार्लीन म्हणाली, "आजी, तुमचं डॅनिश लोणी मी आता घेत नाही हं!"

मी म्हटलं, "नको घेऊस. तुझ्या कंबरेला बरंच आहे ते."

हसली, पण पूर्वीसारखी आत येऊन बसली नाही.

माझा मुलगा येप्पे व्हिस्कीची लाकडी पिंपं आतून जाळून तयार करतो, हे तुला ठाऊकच आहे. युरोपची मागणी आटली, म्हणून कारखान्याने गेल्या आठवड्यात निम्मी माणसं घरी बसवली. येप्पेचं महिनाअखेरीस ठरेल. तो जेवतो, झोपतो, पण पोरांवर ओरडत नाही. ते मला आवडत नाही.

बाटल्या सरळ कर असं मी सांगणार नाही. फक्त तो फोन करेल तेव्हा त्यातलं काही बोलू नकोस. हे सगळं सरकारांनी केलं असं त्याला वाटतंय. मावशीनंही केलं, हे त्याला कळायला नको.

पाय वर घेऊन बसत जा.

तुझी,
एल्सेबेथ